मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: नऊ तास, पंधरा तास की साडेएकवीस? आईला नेमकं काय सांगू?

सावदेकर | १२ मे २०२४, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण चार दिवस झाले, घरात त्यावर एकमत होत नाहीये.

ताई फ्रिमाँटला असते, सॅन फ्रान्सिस्कोजवळ. जुलैत तिचं बाळंतपण आहे. त्यासाठी आई १९ जूनला निघणार, एकटीच. वय ६६, गुडघे धरलेले, साखरेच्या गोळ्या चालू, आणि आजवरचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे एकदा काशी. तिकीट ताईने तिकडूनच काढलंय, दुबईमार्गे.

घोळ असा आहे. तिकिटावर लिहिलंय, मुंबईहून पहाटे ४.०० ला सुटणार आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी दुपारी १.०० ला पोचणार. शेजारचे नाना म्हणाले, "नऊच तास की! मग काय काळजी?" मी नेटवर दोन विमानतळांमधलं अंतर काढलं तर १३,५०० किमी आणि वेळ पंधरा तास. ताई फोनवर म्हणते, साडेएकवीस.

मी आईला आधी पंधरा सांगून बसलो होतो. तिने त्यावर सगळा हिशोब मांडला होता. गोळी कधी घ्यायची, दशम्या किती करायच्या, झोप कुठे काढायची. काल साडेएकवीस ऐकल्यावर ती काही बोलली नाही. नुसती उठली आणि दशम्यांच्या पिठाचा डबा परत उघडून बघितला. तेव्हापासून मला चैन नाही. तिला एकदाच, पण खरा आकडा सांगायचाय.

दुसरं म्हणजे परतीचं. मंगळवार २६ नोव्हेंबरला दुपारी ४.०० ला निघून मुंबईला गुरुवारी पहाटे ३.३०. भारत आणि तिथल्या वेळेत साडेबारा तासांचा फरक धरून मोजलं तर २३ तास येतात, तिकिटावर मात्र २२ छापलेत. तिकीट चुकलंय की मी?

तापीकाठ | १२ मे, रात्री १०.०५

भाऊ, नानांना सांगा की तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. सुटायची वेळ मुंबईची, पोचायची तिथली. दुपारचा एक तिथे वाजतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड झालेला असतो, म्हणजे पुढची तारीख लागलेली. पहाटे चार ते रात्री दीड, साडेएकवीस तास. ताईचं बरोबर आहे.

फ्रिमाँटकर | १३ मे, सकाळी ६.२०

मी मूळचा यावलचा, इकडे येऊन अकरा वर्षं झाली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण माझ्या वडिलांच्या वेळी मी स्वतः तिथेच अडकलो होतो.

तिकीट बरोबर आहे. इथे वर्षातून दोनदा घड्याळ हलवतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे. उन्हाळ्यात भारत आमच्यापेक्षा साडेबारा तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेतेरा. यंदा ३ नोव्हेंबरला बदलेल. आई २६ नोव्हेंबरला निघतील तेव्हा साडेतेराने मोजायचं. मंगळवार दुपारी ४ ते गुरुवार पहाटे ३.३०, घड्याळावर साडेपस्तीस तास. त्यातून साडेतेरा वजा करा, बरोबर २२ राहतात.

विमानतळावर आणायला जाणाऱ्याने वार नीट बघावा. मंगळवारी निघाले म्हणजे बुधवारी येतील असं धरून माझा चुलतभाऊ एक दिवस आधीच मुंबईला जाऊन बसला होता.

सावदेकर | १३ मे, सकाळी ७.१५

फ्रिमाँटकर दादा, फार मोठं काम केलंत. मी अख्ख्या तिकिटावरच शंका घेत होतो. पण मग नेटवरचे ते पंधरा तास कुठून आले? आणि १३,५०० किमी हे अंतर तरी खरं का? नकाशात मुंबईहून पश्चिमेला आफ्रिका, अटलांटिक, मग अख्खी अमेरिका ओलांडायची. हे त्याहून बरंच जास्त वाटतं.

अमळनेरचे गुरुजी | १३ मे, दुपारी १२.३०

भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा. मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि दर मे महिन्यात हा धडा टरबुजावर घेतला. आत्ता बाजारात तापीच्या वाळूतलं टरबूज मिळतंय, गोल बघून एक आणा.

देठ म्हणजे उत्तर ध्रुव. मधोमध खडूने विषुववृत्त काढा. त्याच्या वर, देठापर्यंतच्या अंतराचा साधारण पाचवा हिस्सा सोडून एक टाचणी लावा, ती मुंबई. आता टरबूज जवळजवळ अर्धं फिरवा आणि पलीकडे, विषुववृत्त आणि देठ यांच्या मध्याच्या थोडं खाली दुसरी टाचणी लावा, ते सॅन फ्रान्सिस्को. दोन्ही टाचण्यांना दोरा गुंडाळून घट्ट ओढा. तो आपोआप सरकतो आणि देठाच्या अंगाने जातो. पोटावरून नेलात तर लांब पडतो, ढिला राहतो.

गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच. मुंबईचा अक्षांश १९, सॅन फ्रान्सिस्कोचा साडेसदतीस, रेखांशातला फरक १६५ अंशांच्या आसपास. गणित केलं की कोन एकशे साडेएकवीस अंश येतो. एका अंशाला १११ किमी धरा, १३,५०० किमी झाले. तुमचा आकडा खरा आहे. पण ती रेघ पश्चिमेला जात नाही. मुंबईहून उत्तरेकडे, किंचित पूर्वेला कलून निघते. हिमालय, चीन, सैबेरिया करत ७७ अक्षांशापर्यंत चढते आणि अलास्काकडून खाली उतरते. सुरुवातीला तर ती नंदुरबार जिल्ह्याच्या जरा पश्चिमेवरून जाते. म्हणजे अमेरिकेची सरळ वाट आपल्या खानदेशाच्या वेशीजवळून आहे.

वर्गात मुलं दोरा ओढायची आणि तो देठाकडे सरकला की सगळी एकदम गप्प व्हायची. नंतर टरबूज कापायचो.

केळीबाग रावेर | १३ मे, दुपारी २.१०

गुरुजी, माले बी हाऊच प्रश्न पडेल व्हता. आता पोरीले टरबूजवर दाखाडस.

शिरपूर रनवे | १३ मे, रात्री ११.१५

शिरपूरच्या धावपट्टीवर उड्डाण शिकलो, आता सहवैमानिक आहे. नेटवरच्या पंधरा तासांबद्दल सांगतो.

त्या साइट गुरुजींनी काढलं तेच अंतर काढतात आणि त्याला ताशी ९०० किमीने भागतात. काही साइट त्यात चढ-उताराचा अर्धा तास मिळवतात. बस, एवढंच. त्यांना ना वारा माहीत, ना बंद असलेलं आकाश, ना दुबईचा थांबा. त्या रेघेवरून तुमचं विमान जाणारच नाहीये.

तुमच्या आईचा मार्ग बघू. मुंबई-दुबई साधारण १,९३० किमी, तिकिटावर ३ तास १५ मिनिटं असतील. पुढे दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३,००० किमीच्या थोडं वर, १६ तास. मध्ये सव्वादोन तास थांबा. बेरीज साडेएकवीस. दुबईला उतरून पुन्हा चढल्यामुळे अंतर १३,५०० वरून १५,००० च्या घरात गेलं.

शिवाय तिकिटावरचे १६ तास हे चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंतचे. धावपट्टीकडे रांगेत जायची वीस मिनिटं, उतरल्यावर जागेवर यायची दहा मिनिटं, सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणून पुष्कळदा विमान "लवकर" पोचतं. उशिराची थोडी सोय वेळापत्रकातच असते.

आता वारा, कारण खरा खेळ त्याचा आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वाऱ्याचे झोत वाहतात, ताशी दीडशे-दोनशे किमी, हिवाळ्यात त्याहून जास्त. ओइशी वासाबुरो नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते, पण अहवाल एस्पेरांतो भाषेत छापल्यामुळे जगाचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही. याच फेब्रुवारीत वॉशिंग्टनहून लंडनला जाणाऱ्या एका विमानाचा जमिनीच्या मानाने वेग ताशी १,२९० किमीच्या जवळ गेला. इंजिनाने काही वेगळं केलं नव्हतं, पाठीमागून वारा होता.

याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. एअर इंडियाने ती थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली तेव्हा विमान अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जाताना पॅसिफिकचा मार्ग धरला, सुमारे १५,३०० किमी. अंतर चौदाशे किमीने वाढलं आणि वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला, साडेचौदा तासांवर आला. कारण पॅसिफिकवर तो झोत पाठीशी होता.

एकच धरून ठेवा, अंतर जमिनीवर मोजतात आणि विमान हवेत चालतं.

धरणगाव ८७ | १४ मे, सकाळी ८.००

एक शंका लहानपणापासून आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेला फिरते. मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तरी अमेरिका खाली यायला हवी. निदान पश्चिमेला जाताना तरी वेळ कमी लागायला हवा. इथे तर उलटं दिसतंय.

अमळनेरचे गुरुजी | १४ मे, सकाळी ९.४५

चांगली शंका आहे, दरवर्षी कोणी ना कोणी विचारायचंच. धावत्या गाडीच्या डब्यात लिंबू वर फेका. ते मागच्या बाकावर जाऊन पडतं का? तुमच्याच हातात येतं, कारण तुम्ही, लिंबू आणि डब्यातली हवा, सगळे गाडीच्या वेगाने चाललेले असतात. पृथ्वीची हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. विमान धावपट्टी सोडतं तेव्हा तो वेग त्याच्या अंगात आधीच असतो. फरक पडतो तो पृथ्वीच्या मानाने हवा जी वेगळी वाहते तिचा, म्हणजे शिरपूरकरांनी सांगितलेल्या झोतांचा. ते झोत पश्चिमेकडून का वाहतात यात मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाणारी हवा पूर्वेला वळते, ती त्यामुळेच.

भुसावळ लोको | १४ मे, दुपारी ४.३०

मी तीस वर्षं इंजिन चालवलं. शिरपूरच्या भाऊंनी सांगितलं ते आम्हा रेल्वेवाल्यांना पटकन कळतं.

कसारा ते इगतपुरी फक्त चौदा किलोमीटर. पण चढ सदतीसला एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावायची, मग गाडी हळूहळू वर. तेवढ्याच वेळात भुसावळकडच्या सपाटीवर आम्ही तिप्पट अंतर तोडायचो. आणि उतरतानाही मोकळीक नाही, ब्रेक तपासल्याशिवाय घाट उतरायचाच नाही. अंतराच्या पाटीवर तेच चौदा, पण वेळ जाताना वेगळा, येताना वेगळा.

सावदेकर भाऊ, तुम्ही सगळे मुंबईपासून मोजताय. आई सावद्याहून निघणार ना? भुसावळ ते मुंबई ४४४ किमी आहे आणि मे-जूनमध्ये गाड्यांना गर्दी असते. पहाटे ४ चं विमान म्हणजे मध्यरात्री विमानतळावर हजर. संध्याकाळी पाच-सहाला कल्याणला उतरेल अशी गाडी धरा. रात्री दहाला मुंबईत पोचवणारी धरू नका. घाटात एकदा गाडी थांबली की तिथे पर्याय नसतो.

तापीकाठ | १४ मे, संध्याकाळी ६.१०

लोको काकांना पूर्ण अनुमोदन. जळगावहून आता विमानं पुन्हा सुरू होताहेत, छोटी एटीआर, पण त्या भरवशावर परदेशाचं विमान जोडू नका. वेगळं तिकीट असेल तर पहिलं रद्द झाल्यावर दुसरं कोणी थांबवत नाही. जळगाव-मुंबई हवेतून साडेतीनशे किमीच आहे, वेळ वाचतो हे खरं. पण आई एकटी आहेत.

सावदेकर | १४ मे, रात्री १०.२०

लोको काका, तुम्ही म्हणालात ते मी धरलंच नव्हतं. आज बसून मांडलं. सावद्याहून सकाळी १० ला निघायचं. डोंबिवलीला मावसभावाकडे जेवण आणि दोन तास पाठ टेकणं. रात्री १२ ला विमानतळ. विमान सुटेपर्यंतच घरातून निघून १८ तास होतात! त्यात साडेएकवीस मिळवले तर साडेएकोणचाळीस. आणि तिकडे बाहेर पडून ताईच्या घरी पोचायचं वेगळंच.

आईला कुठल्या तोंडाने सांगू, कळेना. पंधराचे चाळीस झाले.

गोळ्यांचं काय करायचं हाही प्रश्न आहे. रोज सकाळी आणि रात्री जेवणाआधी घेते. पण "रात्र" कोणती धरायची?

परिचारिका धुळे | १५ मे, सकाळी ६.५०

दादा, गोळ्यांच्या वेळा इथे कुणाच्या सांगण्यावरून ठरवू नका. ज्या डॉक्टरांकडे आई जातात त्यांनाच तिकीट दाखवा. मी फक्त काय विचारायचं ते सांगते.

पश्चिमेला जाताना आईंचा दिवस लांबणार. इथे चोवीस तासांत दिवस संपतो, त्यांचा १९ जून साडेछत्तीस तासांचा होईल. डॉक्टरांना विचारा की दोन गोळ्यांमध्ये किती तासांचं अंतर हवं आणि विमानातलं जेवण उशिरा आलं तर काय करायचं. मग ते एका कागदावर भारतीय वेळेत मराठीत लिहा. आईंच्या हातातलं घड्याळ ताईच्या घरी पोचेपर्यंत अजिबात बदलू नका. सगळा प्रवास आपल्याच घड्याळाने करू द्या. घोटाळा होतो तो मध्येच दुबईची वेळ, मग तिथली वेळ लावली की.

गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मोठ्या बॅगेत नको. आणि १६ तास एका जागी बसायचं नाही. दीड-दोन तासांनी उठून मागच्या बाजूपर्यंत चालून यायचं, बसल्या बसल्या पायाच्या टाचा वर-खाली करायच्या, पाणी पीत राहायचं. बाथरूमला उठावं लागेल म्हणून आपल्या बायका पाणी पीत नाहीत, हे मी वॉर्डात रोज बघते. आईंना हे तुमच्या बायकोने समजावून सांगावं, तुम्ही नाही.

चाकाची खुर्ची मागितलीय का? गुडघे दुखणाऱ्याने मागायचीच. पैसे लागत नाहीत आणि दुबईला एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत कुणीतरी सोबत असतं.

फ्रिमाँटकर | १५ मे, सकाळी ८.३०

परिचारिका ताईंच्या मुद्द्याला जोड. खुर्ची घेतली की इथल्या शिक्क्याच्या रांगेतही बरं पडतं. विमान थांबल्यापासून माणूस बाहेर दिसेपर्यंत एक ते दोन तास धरा. विमानतळावरून फ्रिमाँट साधारण तासाभराचं, दुपारी तीननंतर जास्त.

सामानाचंही सांगून ठेवतो. दशम्या, बिबड्या, काळा मसाला, कळण्याचं पीठ हे सगळं मी आणवलंय, विचारलं की खरं सांगायचं. पण ताजी फळं, भाजी आणि बियाणं नको. माझ्या आईने बामणोदच्या भरताच्या वांग्याचं बी रुमालात बांधून आणलं होतं, अंगणात लावायला. बियाण्याला वेगळे कागद लागतात, ते तिच्याकडे नव्हते. टेबलावर तो रुमाल सोडून यावं लागलं आणि ती दोन दिवस जेवली नाही नीट.

सावदेकर | १५ मे, रात्री ९.००

आमच्या आईनेही बी बाजूला काढून ठेवलं होतं. आजच परत डब्यात टाकलं.

आज सगळं तिला सांगितलं. पंधराही नाही, साडेएकवीसही नाही, आपल्या ओट्यावरून ताईच्या दारापर्यंत बेचाळीस तास, असं. मला वाटलं घाबरेल. ती म्हणाली, "मग दोन दिवसांचं बांधते. हे आधीच सांगायचं."

शिरपूरकर भाऊ, एक विचारायचं राहिलं. मुंबई-दुबई जाताना ३ तास १५ आणि नोव्हेंबरात येताना ३ तासच लिहिलंय. हेही वाऱ्याचंच ना?

शिरपूर रनवे | १६ मे, पहाटे १.४०

हो. येताना वारा पाठीशी. आणि ऋतूही बघा. मान्सून आला की तो पश्चिमी झोत हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, म्हणून जूनमध्ये दुबईकडे जाताना समोरून त्रास कमी. पावसाळा गेला की तो पुन्हा उत्तर भारतावर उतरतो आणि नोव्हेंबरपासून जोर धरतो. आई येतील तेव्हा दुबईहून निघालेल्या विमानाला तो चांगला ढकलेल.

लांबच्या टप्प्यात मात्र जाता-येता फार फरक दिसणार नाही. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत १७८ अंशांचा फरक आहे, म्हणजे पृथ्वीच्या अगदी समोरासमोरच्या बाजू. गुरुजींच्या टरबुजावर तो दोरा थेट देठावरच पडतो. सरळ रेघ ध्रुवापासून २०० किमीवरून जाते. उत्तर-दक्षिण मार्गाला हे पूर्व-पश्चिम वारे बाजूने लागतात, समोरून किंवा मागून कमी. त्या दिवशी नेमका कोणता मार्ग घ्यायचा हे उड्डाणाच्या काही तास आधी ठरतं, वारा आणि कुणाचं आकाश उघडं आहे ते बघून. २०१९ साली पाकिस्तानने फेब्रुवारीअखेरीपासून जुलैपर्यंत आकाश बंद ठेवलं तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं गुजरातकडून वळून जात होती. २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. टरबुजावर दोरा सरळ असतो, प्रत्यक्षात त्याला असे खिळे लागतात.

आईंना खिडकीची जागा आहे का? जून आहे म्हणून विचारतो. मिळाली तर द्या.

सावदेकर | १६ मे, सकाळी ७.००

जागा मधली होती, खिडकीची करून घेतली. उठताना शेजारच्याला सांगायचं, एवढंच.

सावदेकर | २० जून, सकाळी ११.३०

पोचली! आज पहाटे आपल्या चार वाजता ताईच्या घरात पाय ठेवला. मंगळवारी सकाळी १० ते गुरुवारी पहाटे ४, बरोब्बर बेचाळीस तास. मध्ये गाडी इगतपुरीच्या अलीकडे एक तास चाळीस मिनिटं थांबली होती. लोको काका, तुमच्यामुळे ते डोंबिवलीतल्या जेवणाच्या वेळातून वळतं झालं. नाहीतर मी वेडा झालो असतो. सॅन फ्रान्सिस्कोला विमान वीस मिनिटं आधी पोचलं.

आता आईशी तासभर बोललो. तिने वही नेली होती, गोळीची वेळ लिहायला. त्यात बाकीचंही लिहिलंय. दुबईला उतरताना सूर्य नुकताच वर आला होता. तिथून विमान निघालं आणि मग काही केल्या संध्याकाळच होईना. आपल्या घड्याळात रात्रीचे आठ वाजले, दहा वाजले, बाहेर लख्ख ऊन. खाली पांढरं, त्यात काळ्या-निळ्या भेगा. तिला आधी ढग वाटले. समोरच्या पडद्यावर विमान नकाशाच्या पार वरच्या काठाला लागलेलं. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या, हिने हातभर उघडी ठेवली.

तिला अडचण एकच आली. ती रोज दिवेलागणीला हात जोडते, काहीही झालं तरी. घड्याळात सात वाजले तेव्हा तिने हात जोडले, पण ऊन बघून मन मानेना. मग परत थांबली. ताईच्या घरी सूर्य मावळला साडेआठनंतर, तेव्हा दिवा लावला. मला म्हणाली, "अरे, एवढा मोठा दिवस मी जन्मात पाहिला नाही."

अमळनेरचे गुरुजी | २० जून, दुपारी १.००

मी लगेच कागद घेतला. दुबईचा सूर्योदय साडेपाचच्या सुमारास, सॅन फ्रान्सिस्कोचा सूर्यास्त आठ पस्तीसच्या आसपास, दोन्हींच्या घड्याळांत अकरा तासांचा फरक. तुमच्या आईंचा तो दिवस सव्वीस तासांचा होता. आणि जूनमध्ये ध्रुवाकडे सूर्य मावळतच नाही, म्हणून मध्ये कुठे अंधार लागला नाही. छत्तीस वर्षं मी हे फळ्यावर काढून दाखवलं. त्यांनी ते खिडकीतून पाहिलं. त्यांची ती वही जपून ठेवा.

परिचारिका धुळे | २० जून, दुपारी ३.२०

गोळ्या वेळेवर झाल्या का? आणि पाय सुजले का?

सावदेकर | २० जून, दुपारी ३.४५

गोळ्या कागदाप्रमाणे. पाय थोडे सुजलेत. सात वेळा उठून चालली, वहीत सात रेघा आहेत.

सावदेकर | २९ नोव्हेंबर, रात्री ८.१५

धागा वर काढतोय, कारण अर्धा हिशोब बाकी होता. आई काल आली. भाची साडेचार महिन्यांची झाली, तिला सोडून निघताना जड गेलं, ते वेगळं.

मंगळवारी तिथल्या सकाळी साडेअकराला ताईच्या घरून निघाली. गुरुवारी पहाटे ३.३० ला मुंबईत उतरली, वार मी तीनदा तपासला होता. मी गाडी घेऊन गेलो होतो, दुपारी अडीचला सावद्यात. दारापासून दारापर्यंत साडेसदतीस तास. या खेपेला अंधार लवकर पडला आणि खाली काही दिसलं नाही म्हणाली. दुबईहून मुंबई वाऱ्याने खरंच ढकलली. चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंत तिच्या वहीत २ तास ३५ मिनिटं आहेत, जाताना २ तास ५५ होती.

ताईने तिला तिकडचं एक छोटं घड्याळ दिलंय. आज सकाळी मी उठलो तर ते आमच्या घड्याळाशेजारी भिंतीवर लावलेलं होतं, साडेतेरा तास मागे. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर ९ मार्चच्या चौकटीत तिने पेनने लिहून ठेवलंय, "ताईचं घड्याळ एक तास पुढे करणे."